समुद्रातल्या गाईला कडबा

विहिरींनी तळ गाठला त्या वर्षी सिरसाळ्याजवळच्या आमच्या गावात दूध सोसायटीने चारा छावणी उघडली. माझे वडील, अण्णा, सोसायटीचे सचिव. दूध मापायच्या आधी ते प्रत्येकाला एकच विचारत, "वासराला ठिवलं का?" उत्तर देताना कोणी अडखळला की माप खाली ठेवत. लोक वैतागत, पण छावणीतली वासरं दुष्काळातही उड्या मारत होती.

मी तेव्हा कच्छच्या आखातात समुद्रगाईंवर संशोधन करत होते. सुट्टीला आले आणि छावणीत फोटो दाखवून बसले. समुद्राच्या तळाशी गवत चरणारं, श्वासाला वर येणारं, काही वर्षांतून एकदाच विणारं, पिल्लाला पाजणारं जनावर! बाया कामं सोडून जमल्या. शिंगं कावून न्हाईत, दूध किती देती, रवंथ करती का? माझ्या शिक्षणाला घाम फुटला. निघताना शेजारच्या मावशींनी पिशवीत कडब्याची पेंढी कोंबली. "आपल्यावानी तिचं बी गवत वाळलं तर?" पाण्यातलं गवत वाळत नाही, हे सांगायचा मला धीर झाला नाही.

अण्णांना मात्र माझं दुखणं सांगितलं. ही जनावरं थोडीच उरलीत. मासेमारीच्या जाळ्यात अडकली की वर येता येत नाही, गुदमरून मरतात. जाळं कापून सोडा, हे पटवायला मी वर्षभर मच्छीमारांना पडद्यावर चित्रं दाखवत होते. ते चहा पिऊन उठून जात. मला त्यांचा रागच यायचा.

"जाळं कापल्यावर त्यो काय करील, हे इचारलंस का?"

"नाही."

"मंग तुझं कावून ऐकतील? मी वासराचं इचारतो, पर आधी चारा देतो न्हवं?"

झोंबलं, कारण खरं होतं.

परत गेल्यावर मी पडदा गुंडाळून ठेवला. किनाऱ्यावर जाळी शिवणाऱ्यांत जाऊन बसले, पेंढी मधोमध ठेवली आणि मावशींची गोष्ट सांगितली. सगळे पोट धरून हसले. मग ते आपल्या जाळ्यांविषयी बोलू लागले, एक कापलं की घरची चूल कशी अडते तेही, आणि मी पहिल्यांदाच गप्प बसून ऐकलं. कापलेलं जाळं सगळ्यांनी मिळून शिवून द्यायचं, असं त्यांच्या सहकारी संस्थेत ठरलं.

त्या हिवाळ्यात एक मच्छीमार धावत आला. मादी आणि पिल्लू अडकली होती, त्याने नवंकोरं जाळं कापून दोघांना सोडलं होतं. 

दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन आला. मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "अन् त्याचं जाळं?"

"शिवतोय सगळे. सुई माझ्या हातातच आहे, अण्णा."

 फोन तसाच चालू ठेवून त्यांनी शेजारच्या मावशींना मोठ्याने हाक मारल्याचं मला ऐकू आलं, "अगं, सुटली! वासरासकट सुटली!"

मी पुढची गाठ मारायला घेतली, पण दोराच दिसेना.