कटवाल्या काकांची तालीम

कटवाले काका दर रविवारी सरकार उलथवायचे आणि जेवणाच्या आत पुन्हा जागेवर बसवायचे. मूळचे कराडचे, विमा कचेरीत कारकून, आणि जयपुरात शास्त्री नगरात आमच्या भाड्याच्या घराच्या वरच्या खोलीत एकटे राहायचे. अतिरेक्यांचे कट लिहून त्यांनी वह्याच्या वह्या भरल्या होत्या. छापलं कुणी नाही. आम्हाला मात्र ते पोह्यांच्या बशा पुढे ठेवून वाचून दाखवायचे.

त्यांच्या प्रत्येक गोष्टीत सरकारला वाचवणारा एखादा कारकूनच असे. "काका, हिरो का नाही?" असं मी एकदा विचारलं. "हिरो पळत सुटतो गं, मग फाईल कोण वाचणार? सरकार वाचवायला एक माणूस पुरतो. फक्त त्यानं पहिल्या पानापासून वाचलं पाहिजे."

माझं मराठी तेव्हा नावापुरतंच होतं. "मी कॉलेजात शिक्षा घेते" असं म्हटलं की काका डोळे वटारायचे. "काय गुन्हा केलास?" मी चिडून म्हणायची, "मतलब, शिक्षण!" आणि ते खो खो हसायचे.

शहरात स्फोट झाले, त्याच वर्षीची गोष्ट. आमच्या आठ-दहा मराठी घरांच्या गणपतीसाठी काकांनी एक कटाचं नाटक लिहिलं होतं. चार पात्रं, त्यांतले गृहमंत्री माझे बाबा. बोलताना सगळेच 'रिहर्सल' म्हणायचे, काकासुद्धा. वहीत मात्र ते शुद्ध मराठी लिहीत.

पाण्याची टाकी बघायला घरमालक वर गेला आणि त्याला टेबलावरची उघडी वही दिसली. 'बॉम्ब' वाचायला मराठी यावं लागत नाही. तासाभरात दोन पोलीस आले. काका कचेरीत, बाबा बँकेत. एकानं ते पान माझ्यापुढे धरलं.

"बेटा, तुम तो मराठी हो. क्या लिखा है?"

'मंगळवारी तालीम. बॉम्ब कुठे ठेवायचा ते पक्कं करणे.'

तालीम. हिंदीत तालीम म्हणजे शिक्षण. हिंदीत शिकलेली मी म्हणाले, "मंगलवार को ट्रेनिंग है." काका गोष्टी लिहितात, एवढं साधं वाक्यही त्या वेळी मला सुचलं नाही. त्या मुलीच्या अजूनही मुस्कटात द्यावीशी वाटते.

काकांना कचेरीतूनच नेलं. संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं, तर ते कपाळावर हात मारून म्हणाले, "अगं, तालीम म्हणजे रिहर्सल!" "मग चला, सांगू या चौकीत," मी म्हणाले. बाबा बूट काढत राहिले. "आपण बदलीवरची माणसं. नसत्या भानगडीत पडू नये." बाकीच्या तिघांनीही तोंडात मिठाची गुळणी धरली. स्टेजवर छाती काढून 'प्राण गेला तरी बेहत्तर' म्हणणार होते हे लोक! दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. "घर से किसी बड़े को भेजो," असं सांगून मला परत पाठवलं. आमच्या घरात मोठं कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी काका सुटले, ते त्यांच्या कचेरीतल्या मीणाजींमुळे. मीणाजी हेडक्लार्क. मराठीचा एक शब्द येत नव्हता. त्यांनी चौकीत जाऊन वही मागून घेतली आणि पहिलं पान उघडलं. तिथे ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'दोन अंकी नाटक. गणेशोत्सवासाठी.' हे वाचायला कुठली भाषा लागते? पोलिसांनी ते पान उघडलं नव्हतं, घरमालकानं नव्हतं आणि मीही नव्हतं.

घरमालकानं तरीही खोली खाली करायला सांगितली. काकांनी बदली मागून घेतली आणि ऑटोत सामान भरलं. बाबा खिडकीच्या पडद्यामागे उभे होते. मी खाली जाऊन काकांच्या पाया पडले. माफी मागायला गेले आणि रडायलाच लागले. काकांनी ती वही माझ्या हातात दिली.

"रडू नकोस. आता शिक्षा घे," ते म्हणाले. "हिंदीतलीही आणि मराठीतलीही."

घेतेय काका, अजून घेतेय. पहिल्या पानापासून.