लॅपटॉपची राखण

आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, घरातलं शेवटचं माणूस कामातून मोकळं झाल्याशिवाय कधी आडव्या झाल्या नाहीत. दुपारची जेवणं उरकली की दाराच्या चौकटीला पाठ टेकून बसायच्या आणि एकेकाला विचारायच्या, "झालं का तुजं?" त्यानं "झालं" म्हटलं की मान पुढच्याकडे वळायची. सगळ्यांचं झाल्यावर मग घोंगडी अंथरायच्या. माझे सासरे, मामा, चेष्टेनं म्हणायचे, "हिला इचारल्याबिगर झोपसुदीक आपल्या घरात येत न्हाय."

मी बारामतीची. लग्न होऊन सणसरला आले ती नोकरी सोबत घेऊनच. पुण्यातल्या एका कंपनीसाठी ड्रोननं काढलेले फोटो जोडून जमिनीचे नकाशे करायचे, हे माझं काम. साहेबांनी बजावलं होतं, घरून जमतंय का बघू, पण नकाशे वेळेवर आले नाहीत तर पुण्याला या, नाहीतर राजीनामा द्या. आता पुण्याला जायचं तर नवऱ्याचा ऊस आणि गोठा कुणाच्या भरवशावर टाकायचा? आणि नोकरी सोडायची तर शिकले कशाला? माझा सगळा जीव त्या लॅपटॉपमध्ये अडकलेला होता.

या कामात फोटो एकदा भरून दिले की पुढे तासन्‌तास लॅपटॉपच राबतो, माणसानं नुसतं थांबायचं. पण त्या शहाण्याला स्वतःच्या पोटात काय चाललंय याचा पत्ताच नसायचा! त्याला एकच कळायचं, आपल्याला कुणाचा हात लागतोय की नाही. थोडा वेळ हात लागला नाही, की बाई उठून गेली असं समजून महाराज गुडूप. सिनेमा लावला तर तो असा झोपत नाही, कारण सिनेमा दाखवणारा प्रोग्रॅम त्याला आधीच सांगून ठेवतो, मी कामात आहे, झोपू नकोस. आमचा नकाशांचा प्रोग्रॅम मात्र जुना आणि मुखदुर्बळ. मरमर काम करायचा, पण तोंडानं सांगायचा नाही. आणि मध्येच झोप लागली की नकाशा पुन्हा पहिल्यापासून. झोपेची वेळ बदलावी म्हटलं, तर कंपनीनं त्या सेटिंगलाही कुलूप घातलेलं.

आल्यानंतर थोड्याच दिवसांनी मी भाकरी टाकायला उठले आणि परत येऊन बघते तर लॅपटॉप मिटलेला, वर स्वच्छ धुतलेलं फडकं. दुधाचं पातेलं झाकावं तसा आत्यांनी तो झाकून ठेवला होता. "उघडाच टाकून गेलीस. धूळ बसंल न्हवं?" सकाळपासूनची मेहनत पाण्यात! मला रडूच फुटलं. त्या चपापल्या. मी नाक पुसत सगळं सांगितलं, लॅपटॉपचं झोपणं, साहेबांची धमकी, सगळं.

"म्हंजी खुडूक कोंबडीगत हाय म्हण की," त्या म्हणाल्या. "अंड्यांवर बसल्याली दिसती, पर तिचं काम चालल्यालं असतं. हुसकायची न्हाय."

"पण आत्या, हे काम चाललंय ते त्याचं त्यालाच कळत नाही."

"मग आपुन सांगू की त्याला."

दुसऱ्या दिवसापासून आत्या राखणीला बसल्या. मी चुलीपुढे, त्या लॅपटॉपपुढे, मांडीवर सुपात लसूण. चार पाकळ्या सोलायच्या, पदराला हात पुसायचा, माऊस इवलासा हलवायचा, पुन्हा लसूण. माऊसला त्या सोंगटी म्हणायच्या. "सोंगटी हालीवली, बग," असं मला ओरडून सांगायच्या, जणू मी आतून टिपून घेत होते. त्यांच्या राखणीत एकही नकाशा बुडाला नाही.

खरी राखण त्यांनी माझी केली. शेजारच्या शांताकाकी एकदा दारातूनच म्हणाल्या, "सून सकाळधरनं नुसती बसलीया, आन्‌ लसूण तू सोलतीस व्हय?"

"कामात हाय ती," आत्या म्हणाल्या. "हात हालंना म्हंजी काम न्हाय, असं कुठं असतंय? तुज्या जावयाचं तोंड दिवसभर हालतंय, त्याला काय काम म्हणायचं?"

काकी चहा न घेताच गेल्या. मला धावत जाऊन आत्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. माझं काम कुणाला दिसत नव्हतं, आणि ते दारात बसून ठणकावून सांगणारं माणूस मला सासरी मिळालं होतं! हे भाग्य माझ्या कितीतरी मैत्रिणींना लाभलं नाही. आज धाकटी जाऊ परीक्षेच्या अभ्यासाला बसते तेव्हा दारात मी असते, आणि कुणी काही बोललं की माझ्या तोंडून आत्यांचंच वाक्य निघतं.

नोकरी पक्की झाल्याचा फोन आला त्या दिवशी आत्यांनी मामांना भिगवणला पिटाळून मासे आणवले. पुढे कंपनीनं नवा प्रोग्रॅम दिला. हा कामाला लागला की लॅपटॉपला सांगायचा. पण त्यालाही एक खोड निघाली. एकदा वीज गेलेली असताना नकाशा केव्हाच पुरा झाला, तरी यानं 'झालं' असं कळवलंच नाही. लॅपटॉप बिचारा त्याच्यासाठी बॅटरी संपेपर्यंत जागा. आत्यांना त्याचा खराखुरा राग आला. "काम झालं तर झालं म्हणावं की! दुसऱ्याला कशापायी ताटकळत ठिवायचं?"

गेल्या उन्हाळ्यात आत्यांचं हृदय थकलं. बारामतीच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी त्यांची खाट माझ्या टेबलाशेजारी घेतली. ग्लानीतून जाग आली की त्या विचारायच्या, "झालं का तुजं?"

पहिल्यांदा "झालं" अगदी ओठांवर आलं होतं, आणि एकदम ध्यानात आलं, सगळ्यांचं झालं की आत्या झोपतात.

"नाही आत्या. अजून चालू आहे."

"बरं," म्हणून त्यांनी डोळे उघडे ठेवले. रोज तेच. मिटलेल्या लॅपटॉपपुढे बसून मी रोज सांगायचे, थोडं राहिलंय. मामांनी ते ऐकलं. मग आत्यांनी त्यांना विचारलं की तेही म्हणायला लागले, "धारा ऱ्हायल्यात अजून."

एका दुपारी धाप फार वाढली. त्यांनी चाचपडत हात टेबलावर नेला, सोंगटी शोधली आणि इवलीशी हलवली.

"या बारीला लई येळ लावलास गं, पोरी."

त्या अजून माझी राखण करत होत्या. मी मामांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी हळूच होकाराची मान हलवली.

"झालं, आत्या," मी म्हणाले. "तुमच्यामुळं सगळं झालं."

"धाराबी झाल्या," मामा म्हणाले.

आत्यांनी सोंगटीवरचा हात काढून घेतला.

"मग पडते जरा," त्या म्हणाल्या.