राखीचा फोटो

सुताच्या गोदामात मुकादमानं माझे केस धरून मला गाठोड्यांवर आपटलं, तेव्हा मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. सुटून दारापर्यंत पोचलेही. माझा उजवा हात चौकटीवर होता, आणि त्यानं लोखंडी दार लाथेनं लोटलं. दोन बोटं मोडली. मागांच्या खडखडाटातही तो आवाज मला ऐकू आला.

माधवनगरच्या त्या यंत्रमागाच्या शेडमध्ये मी सहा वर्षं सुताच्या कांड्या भरत होते. मुकादम अंगाला हात लावतो, हे मालकाला आधी दोनदा सांगितलं होतं. "दुर्लक्ष कर," म्हणाला.

माझा सख्खा भाऊ लष्करातून सुट्टीवर आला होता. तो मुकादमाचे हातपाय मोडणार अशी माझी खात्री होती, आणि खोटं कशाला सांगू, मला तेच हवं होतं. पण मुकादम आमच्याच भावकीतला. गावी, उंब्रजला, भावकीची बैठक बसली, तोडगा निघाला: मी त्याला राखी बांधायची, विषय मिटला. दवाखान्यात गेलं तर बोभाटा होईल म्हणून हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्याकडून बोटांना कामट्या बांधून घेतल्या. कागदाचा एक चिठोरा नाही. राखी बांधतानाचा फोटोही काढला. मी मूर्ख, सगळं करू दिलं.

वर्षभर आतल्या आत जळले आणि सांगलीच्या दिवाणी कोर्टात मुकादम आणि मालक, दोघांवर नुकसानभरपाईचा दावा लावला. यानं हे केलं, एवढं कुणीतरी लिहून द्यावं, असं मला वाटत होतं. पुढं दावा मी जिंकले, पण आठवतो तो उलटतपासणीचा दिवस.

त्यांच्या वकिलानं तो राखीचा फोटो पुढं केला. "बोटं मोडल्याचा पुरावा नाही. उलट यांना तुम्ही स्वखुशीनं राखी बांधलीत. बरोबर?"

त्याचं नरडं धरावंसं वाटलं. फोटो नीट बघितला. पदराखालून कामट्यांची टोकं बाहेर आली होती.

"सायेब, एका हातानं गाठ बसती का? ह्यो माझा हात, कामट्या बांधल्यात. गाठ मारणारे हात दुसऱ्याचे हायत."

न्यायाधीशांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "कोणाचे?"

"माझ्या सख्ख्या भावाचे. त्यांचा साक्षीदार म्हणून भाईर बसलाय."

न्यायाधीशांनी ते तसंच लिहून घ्यायला सांगितलं.

बाहेर आले तशी भाऊ बाकावरून उठला. "काय झालं गं?"

मी वाकडी झालेली बोटं त्याच्यापुढं धरली. "कोर्टानं मुकादमाच्या नावाखाली तुझंबी नाव लिवलं," म्हणाले.