दोन पानांवरची एक ऑर्डर

ओल्या बांबूचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. पोरांनो, माझी लेक, म्हणजे तुमची आई, तेव्हा चंद्रपूरच्या घरी कूलरसमोर बसून बांबूच्या वस्तू विकणारी वेबसाइट बनवत होती. एका रणरणत्या दुपारी आरमोरीहून सुपं विणणारी एक बाई ओल्या बांबूच्या नव्या सुपांचा भारा घेऊन दारात उभी राहिली. गिऱ्हाइकाने त्या सुपांची ऑर्डर केव्हाच रद्द केली होती, तसं तुमच्या आईने तिला सांगितलं. "मंग माह्या फोनमंदी अजून काऊन दिसून राह्यली?" तिने विचारलं. तुमची आई म्हणाली, "काकू, साइटचं प्रत्येक पान आपली माहिती आपल्याजवळच ठेवते. रद्द झाल्याचं एका पानाले कळलं, तुमच्या पानाले नाई. सारं एकाच ठिकाणी ठेवलं, तर तुमच्या जुन्या फोनवर साइट हळू चालन." मी भडकलेच. "म्हणजे लवकर उघडायचं आणि खोटं सांगायचं?" बाई भारा खाली टाकत म्हणाली, "चालू दे ना हळू, पोरी. मी कुठी पळून राह्यली?" आता तुमची आई सगळी माहिती एकाच ठिकाणी ठेवते, आणि तिच्या साइटचं पान उघडायला वेळ लागला की तुम्ही तिला हसता. त्या बाईची बांबूने चिरलेली बोटं मी पाहिली आहेत. हसू नका.