नोंदीचीही नोंद

ऑफिसात सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत, कारण दुसऱ्याच्या प्रोग्राममधली चूक ती छापील कागदावर लाल पेनाने गोल करून दाखवी. स्वतः मात्र आठ वर्षं एकच धडा अकरा वेळा गिरवत होती. कंपनी वजनकाटे, सलाइनचे पंप अशा अकरा यंत्रांचे बोर्ड बनवी. प्रत्येकाच्या चिपमध्ये तिनेच लिहिलेली इवलीशी ऑपरेटिंग सिस्टिम, पण प्रत वेगळी. एकीत दुरुस्ती केली की उरलेल्या दहांत करायची.

शेवटी तिने अ‍ॅस्पेक्टची पद्धत आणली. मूळ सिस्टिम एकच. 'प्रत्येक कामाआधी नोंद करा' असले सगळीकडे लागणारे नियम एका वेगळ्या फाइलीत एकदाच लिहायचे. प्रोग्राम तयार होताना ते जागोजागी आपोआप विणले जात. वजनकाट्याला नोंद नको? तो नियम गाळा, झालं.

"तीन वाजता पंप तासभर चालवून दाखवा," साहेब म्हणाले. "नाहीतर बाई, आपल्या अकरा प्रतीच बऱ्या."

आणि सकाळपासून पंप सुरू होताच गप्प. नोंदीचा नियम काढला की चालायचा, घातला की ठप्प. पंपाला तर नोंद हवीच.

"नव्याची नवलाई नऊ दिवस," बोर्डांना डाख देणारे काका म्हणाले. "तुमची नऊ सेकंदंही टिकेना!"

एक वाजता सासूबाईंचा फोन आला. गोळी घेतली का, गॅस बंद केला का, हे त्या हल्ली विसरत. म्हणून तिने स्वयंपाकघरात पाटी टांगली होती: जे कराल ते लिहा.

"गोळी घेतली, लिहिलं. गॅस बंद केला, लिहिलं. आता लिहिलं, हेही लिहू का? मग ते लिहिलं, की तेही? अगं, खडू संपेल, मी संपेन!"

"आई, तुम्ही पण ना..." ती हसता हसता थबकली. "ठेवते हं फोन."

"रागावलीस?"

"छे हो! जेवून घ्या तुम्ही."

तिने नियम उघडला. 'प्रत्येक कामाआधी.' नोंद करणं हेही एक कामच की! नोंदीआधी नोंद, तिच्याआधी आणखी एक. पंप बिचारा औषध ढकलायला मोकळा होणार कधी? तिने तीनच शब्द वाढवले: 'नोंदीचं काम सोडून.'

तीनला पंप सुरू झाला. नऊ सेकंदं उलटली, तसे काका घड्याळ सोडून तिच्याकडे बघू लागले. चारला साहेब म्हणाले, "जुन्या प्रती टाका अडगळीत." अकरा पिशव्या घेऊन चार जिने चढावेत आणि बेल वाजवण्याआधीच कुणी दार उघडावं, तसं तिला झालं.

तिने तो जुना नियम छापला, स्वतःच्या चुकीभोवती लाल गोल काढला.

"किती मार्क?" काकांनी विचारलं.

"काठावर पास."

घरी पाटीवर शेवटची ओळ होती: 'सूनबाईला फोन केला. कारण नसताना हसली.'