काहीच घडू न देणारा खेळाडू

व्हॉरटन गावच्या आइस हॉकीच्या रिंकमध्ये घड्याळाखालच्या दुसऱ्या रांगेत ओरिसिया कोस्त्युक बसायची, आणि ती आलेली आहे हे डोळे मिटूनही कळायचं. लहानपणी शेतावर कापणीला गेलेल्या भावांना जेवायला हाक मारायचं काम तिच्याकडे असे आणि मधे गव्हाचं अख्खं शेत पसरलेलं असे. त्या हाकांवर पोसलेला आवाज पुढे हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात मुरला, आणि ती निवृत्त झाल्यावर सगळाच्या सगळा गावच्या बॅजर्स संघाच्या वाट्याला आला. पंच तिच्या बाजूला बघायचं टाळायचे. पाहुण्या संघाचा गोलरक्षक पोरसवदा असला की हेल्मेटच्या आत त्याचे कान लाल व्हायचे, असं तिच्या शेजारी बसणारी बर्निस शपथेवर सांगायची. बर्निसने आयुष्यभर शाळेची बस चालवली होती, त्यामुळे आरडाओरडा तिच्या अंगवळणी पडला होता.

ओरिसियाचा नवरा वासिल मात्र हॉकीच्या वाटेला जात नसे. इतके सगळे जण एका चकतीमागे जीव तोडून धावतात आणि मिळाली की लगेच कुणाला तरी देऊन टाकतात, हे त्याला कधी पटलंच नाही. त्याचा जीव कर्लिंगमध्ये. बर्फावरून जडशीळ दगड सरकवायचा, त्याच्यापुढे झाडूने बर्फ घासत जायचं, आणि मग सगळ्यांनी कंबरेवर हात ठेवून तो कुठे थांबतो ते बघायचं. कर्लिंगची शेड रिंकला लागूनच होती. मधल्या भिंतीतून बायकोचा आवाज आला की त्याचे दोस्त म्हणायचे, "वासिल, आपल्यावर गोल झाला वाटतं."

त्या वर्षी जानेवारीत संघाने टॅनर ओलाफसनला देऊन टाकलं. टॅनर म्हणजे बॅजर्सचा हुकमी गोल करणारा. दुकानात भेटला की ओरिसियाच्या पिशव्या गाडीपर्यंत नेऊन देणारा. त्याचा फोटो तिच्या फ्रीजवर नातवंडांच्या फोटोंशेजारी लावलेला होता. आणि दिला तोही कुणाला, तर केटलवूडला. व्हॉरटनच्या माणसाने केटलवूडमध्ये पेट्रोलसुद्धा भरू नये, असा गावातला रिवाज. बदल्यात काय आलं, तर रूबेन वीब नावाचा एकोणीस वर्षांचा बचावपटू. त्याचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं.

"ट्रॅक्टर दिला," बर्निस कॉफीच्या टेबलावर म्हणाली, "आणि त्याच्या सीटचं कव्हर घेतलं."

टेबलावरच्या मंडळींना हे फार आवडलं. दुपारपर्यंत ते गावभर झालं.

वीबचा पहिला सामना बघायला रिंक भरली होती. पोरगा उंच, काटकुळा, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. पहिल्याच सत्रात पाहुण्यांपैकी कुणाचा तरी फटका त्याच्या स्केटला लागून वळला आणि थेट बॅजर्सच्याच जाळ्यात गेला. लगेच घड्याळाखालून आवाज आला, "अरे बाळा, आपलं घर इकडे आहे. तू त्यांच्या घरच्या शेगडीत कोळसा टाकतोयस."

रिंक हसली. पाहुण्यांचा बाक हसला. एक पंचही पाठ फिरवून हसला. वीबने मान खाली घातली आणि जाऊन आपल्या जागेवर उभा राहिला. सीटचं कव्हर आणि परक्याच्या घरचा कोळसा, एवढ्यावर पोराचा निकाल लागला. पुढे तो काय करतो ते बघायची कुणाला गरजच वाटेना.

पुढच्याच आठवड्यात ओरिसिया पडली. चर्चच्या हॉलमध्ये बायकांनी मिळून बटाट्याचं सारण भरलेले पेरोगी केले होते. त्यांचा ट्रे घेऊन ती गाडीकडे निघाली आणि पायरीवरच्या बर्फावरून घसरली. ट्रे हातातून सुटला नाही, एकही पेरोगी सांडला नाही, पण घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर घालून डॉक्टरांनी बजावलं, जिने चढायचे-उतरायचे नाहीत. आणि रिंकमध्ये तर जिन्यांशिवाय दुसरं काही नव्हतंच.

मग तिने सोफ्यावर पाय वर करून रेडिओ लावला. सामना ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं की समालोचक वीबचं नाव जवळजवळ घेतच नाही. सगळ्यांची नावं येत होती, चुकणाऱ्यांची, धडपडणाऱ्यांची, शिक्षा होऊन बाहेर बसणाऱ्यांची. वीब मात्र जणू गावातच नव्हता. तिने बर्निसला फोन लावला.

"खेळला का तो?"

"कोण?"

"सीटचं कव्हर."

"होता बाई कुठेतरी," बर्निस म्हणाली. "मी काही पाहिलं नाही."

यावर विसंबून कसं चालेल. बर्निस फक्त चकतीकडे बघते हे ओरिसियाला पक्कं ठाऊक होतं. कोचने पोराला नुसता बसवून ठेवला असेल, तर त्यावर कडक बोलायला हवं होतं, पण पुरावा हवा ना. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो कर्लिंगच्या बुटांना लेस ओवत बसला होता.

"वासिल, रविवारी दुपारी तू सामन्याला जा."

"मी?"

"माझं तिकीट फुकट जातंय. आणि हे बघ, चकतीकडे बघायचं नाही. पाच नंबरकडे, त्या वीबकडे बघायचं. पूर्ण वेळ. तो काय काय चुका करतो तेवढं येऊन सांग."

वासिल म्हणाला, "चुका मला कशा कळणार?"

"कळतील. माणूस चुकला की दिसतो."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठे वाद घालायचा आणि कुठे कोट चढवायचा हे माणसाला कळतं. वासिल गेला. परत आला तेव्हा बूट काढायच्या आत तिने विचारलं, "हं. काय केलं त्याने?"

"उलटा चालला."

"म्हणजे?"

"म्हणजे तोंड समोर आणि जातोय मागे. बराच वेळ. छान जमतं त्याला."

"ते सगळ्यांनाच जमतं, वासिल. कुणाला आपटलं?"

"नाही."

"गोलवर मारलं?"

"एकदा. काचेवर लागलं. पलीकडच्या बाईची कॉफी सांडली."

"मग त्याने केलं काय?"

वासिलने खुर्चीत बसून नीट विचार केला. खोटं सांगायची त्याला सवय नव्हती, आणि भर घालून सांगायचीही नव्हती. "समोरच्याला जिथे जायचं असतं, तिथे हा आधीच जाऊन उभा असतो. मग समोरचा वैतागतो आणि भिंतीकडे जातो."

"आणि मग?"

"मग काय. तिथे भिंतच असते."

ओरिसियाने नाक मुरडलं. हा काही खेळ झाला नाही, असं तिचं म्हणणं पडलं. पुढच्या सामन्यालाही तिने त्याला पाठवलं, कारण एवढ्याशा माहितीवर काहीच बोलता येण्यासारखं नव्हतं. मग त्याच्या पुढच्याला वासिल स्वतःहूनच कोट घालून दारात उभा राहिला, आणि त्या दिवशी त्याची कर्लिंगची पाळी होती. हे ओरिसियाच्या नजरेतून सुटलं नाही.

आता तो बातम्याही जरा लांबण लावून आणू लागला. जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली म्हणजे गोलरक्षक, मिरपुडीची बाटली म्हणजे वीब, आणि बिटाच्या सुपाचे दोन चमचे म्हणजे चाल करून येणारे दोघं. "हे दोघं असे आले. आता हा कुणाकडे जाणार? कुणाकडेच नाही. हा मधे राहतो. आमच्यात दगड असाच ठेवतात, वाटेवर. पुढच्याला घरात, म्हणजे त्या वर्तुळात, शिरायला जागाच राहत नाही. पण त्या दगडाला कुणी टाळ्या वाजवत नाही."

"मला कर्लिंग शिकवू नकोस," ओरिसिया म्हणाली, पण मिरपुडीच्या बाटलीकडे बघत राहिली.

एक गोष्ट मात्र तिच्या मनातून जाईना. एवढा उंच पोरगा, मग धडक का देत नाही? बचावपटू म्हणजे कसा, समोरच्याला भिंतीशी असा चेपला पाहिजे की वरची काच हलली पाहिजे. तिने हे दोन-तीनदा बोलून दाखवलं. वासिलला एवढंच समजलं की बायकोला एक प्रश्न पडलाय आणि त्याचं उत्तर त्या पोराकडे आहे. कर्लिंगहून निघताना त्याला वीब रिंकच्या कँटीनपाशी बटाट्याच्या फ्राइज खाताना दिसला. हा सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

घरी येऊन त्याने सांगितलं, "विचारलं मी त्याला."

"काय विचारलंस?"

"म्हटलं, माझी बायको विचारते, तू कुणाला आपटत का नाहीस."

ओरिसिया सोफ्यावर ताठ बसली. "तू माझं नाव सांगितलंस?"

"त्याने विचारलं कोण बायको, म्हणून सांगितलं. घड्याळाखाली बसते ती, म्हटलं. त्याने ओळखलं लगेच."

"वासिल, अरे देवा. काय म्हणाला?"

"म्हणाला, आपटायला गेलं की आपली जागा सोडावी लागते. समोरचा चुकवून गेला तर मागे कुणी नसतं. म्हणून शक्यतो नाही आपटत." वासिलने टोपी खुंटीला लावली. "आणि म्हणाला, त्या दिवशी त्या काय ओरडल्या ते शेवटचं मला नीट ऐकू आलं नव्हतं."

"तू सांगितलं नाहीस ना?"

"सांगितलं की. कोळशाचं होतं ना ते? हसला तो. दात चांगले आहेत त्याचे. हॉकी खेळूनही सगळे आहेत अजून."

ओरिसियाने उशी तोंडावर घेतली. दुसऱ्या दिवशी तिने वासिलच्या हाती पेरोगींचा डबा पाठवला. वर तळलेला कांदा होता, आणि आंबट साय वेगळी बांधून दिली होती. सोबत निरोप वगैरे काही नव्हता. डबा स्वच्छ धुऊन परत आला.

मार्चमध्ये प्लास्टर निघालं आणि बाद फेरीत समोर केटलवूडच आलं. एका बाजूला वासिल आणि दुसऱ्या बाजूला बर्निस, अशा आधाराने ओरिसिया काठी टेकत आपल्या जागेवर जाऊन बसली. टॅनर बर्फावर उतरला तेव्हा गावाने त्याला टाळ्या दिल्या. ओरिसियाने तर जास्तच दिल्या, मग मांडीवर हात ठेवून तिने नजर पाच नंबरवर रोवली. चकतीकडे न बघता हॉकी बघणं तिने जन्मात केलं नव्हतं. पहिल्या सत्रात तिची मान दहादा वळली, दहादा तिने ती परत आणली. पण दुसऱ्या सत्रात तिला दिसायला लागलं. गर्दी जिकडे धावत होती तिकडे हा जात नव्हता. गर्दी नंतर जिथे येणार होती, तिथे हा होता.

शेवटच्या सत्रात बॅजर्स एका गोलने पुढे होते. थोडा वेळ उरला असताना टॅनरला मधे चकती मिळाली आणि तो सुटला. सगळी रिंक उभी राहिली, कारण तो असा सुटला की पुढे काय होतं हे व्हॉरटनइतकं कुणालाच माहीत नव्हतं. समोर एकटा वीब, मागे मागे सरकत, स्टिक बर्फाला टेकवून, अजिबात घाई नाही. टॅनर डावीकडे झुकला, तिथे हा होता. उजवीकडे वळला, तिथे हा होता. टॅनर बाहेर बाहेर ढकलला जात भिंतीशी गेला, चकती कोपऱ्यात गेली. वीबने ती घेऊन आपल्या माणसाला दिली आणि खेळ दुसऱ्या टोकाला गेला.

लोक खाली बसले. ओरिसिया उभीच होती, काठी कुठेतरी पडली होती.

"शाब्बास, रूबेन," ती ओरडली, आणि छतापासून खालपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

बर्निस दचकली. "काय झालं?"

"काही नाही झालं."

"मग ओरडतेस कशाला?"

"अगं, काही झालं नाही म्हणूनच ओरडतेय."

बर्निसने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. वीबने वर बघितलं नाही, पण बॅजर्सच्या बाकावरची पोरं तो आवाज ओळखून एकमेकांना कोपराने ढोसू लागली होती.

सामना जिंकल्यावर बाहेरच्या दारापाशी टॅनर येऊन तिच्या गळ्यात पडला. "ओरिसिया आजी, माझ्याविरुद्ध ओरडलात तुम्ही."

"तुझ्याविरुद्ध नाही रे. तू छानच आलास. वाटच नव्हती, तू तरी काय करशील." तिने त्याच्या गालाला हात लावला. तेवढ्यात खांद्यावर बॅग टाकून वीब तिथून चालला होता. तिने त्याची बाही धरली.

"पहिल्या दिवशी मी जे बोलले ते," ती म्हणाली आणि अडली. तिला शब्दांसाठी अडलेलं बर्निसने कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्या आईने ते रेडिओवर ऐकलं होतं," वीब म्हणाला. "आमच्याकडेही तुमचं स्टेशन लागतं."

ओरिसियाचा चेहरा पडला. "काय म्हणाली आई?"

"म्हणाली, बाईंचं बरोबर आहे, तिकडे कशाला मारलंस." आणि मग तो हसला. दात खरंच सगळे होते.

केटलवूडला हरवून बॅजर्स पुढे गेले आणि पुढच्या फेरीत सपाटून मार खाऊन घरी आले. कॉफीच्या टेबलावर त्याचं खापर कुणावर फोडायचं याची बरीच चर्चा झाली. गोलरक्षकाचं नाव निघालं, कोचचं निघालं, बर्फाचंसुद्धा निघालं. कुणीतरी वीबचं नाव काढणार एवढ्यात ओरिसियाने कप खाली ठेवून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. सीटच्या कव्हरबद्दल बर्निस म्हणू लागली की ते आपण टॅनरच्या अदलाबदलीबद्दल बोललोच नव्हतो, ते कुठल्या तरी खऱ्या ट्रॅक्टरबद्दल होतं.

वीब आणखी एक हंगाम खेळला. त्या वर्षभरात त्याने दोनच गोल केले, आणि दोन्ही वेळा ओरिसिया म्हणाली की हे काही त्याचं काम नाही, पण ठीक आहे. मग तो सॅस्कटून शहरात वायरमनचं काम शिकायला गेला. मोठ्या संघांकडून कधी बोलावणं आलं नाही आणि त्याने त्याची वाटही पाहिली नव्हती.

वासिलने पुढच्या हंगामापासून स्वतःचं तिकीट काढलं, पण बायकोशेजारचं नाही. घड्याळाखालून नुसती चकती दिसते, त्याला गोलच्या मागची जागा हवी होती. नवराबायको एका गाडीतून रिंकवर येतात, कँटीनपाशी वेगळे होतात, आणि सामना संपल्यावर पुन्हा भेटून घरी जाईपर्यंत भांडतात. हल्ली केटलवूडकडून बदलीत आलेल्या एका नवीन पोरावरून चाललंय. ओरिसिया म्हणते पोरगा फार गुणाचा आहे. वासिल म्हणतो, छे, फार धावतो.