उतारावरचा पाय

"तुम्ही फक्त 'नाही' म्हणा, मॅडम. मेडिकली जमणार नाही, एवढंच. पुढचं मी बघतो."

दाऊदभाई अगदी दबक्या आवाजात बोलत होते, कारण मध्ये फक्त एक पडदा होता. पडद्यापलीकडे त्यांची मुलगी सना बसली होती. तिला सगळं ऐकू जात असणार, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं.

मी प्रोस्थेटिस्ट आहे. ज्यांचा हात किंवा पाय गेला आहे, त्यांच्यासाठी मी कृत्रिम हात-पाय बनवते आणि बसवते. मूळची परभणीची. कुवेतमध्ये एका खाजगी रिहॅब सेंटरमध्ये काम करते. दाऊदभाई रत्नागिरीकडचे, त्यांचं फहाहीलला कापडाचं दुकान आहे. सना इथेच जन्मली, इथेच शिकली. हायवेवरच्या अपघातात तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. तिचा चालायचा पाय मीच बनवला होता.

तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणी डिसेंबरच्या सुट्टीत जॉर्जियाला जाणार होत्या, बर्फात. त्यांना स्नोबोर्डिंग शिकायचं होतं. दोन्ही पाय एकाच फळीला बांधायचे आणि डोंगरावरून आडवं उभं राहून घसरत यायचं. सनालाही तेच करायचं होतं.

मी पडदा सरकवला.

"मॅम, आय हर्ड," सना म्हणाली. "तुम्ही नाही म्हटलंत तरी मी जाणारच. हाच पाय घालून."

हा पाय फरशीवर चालण्यासाठी होता. त्याच्या घोट्याला वाकच नाही. हा घालून ती उतारावर उभी राहिली, तर सगळा धक्का थेट गुडघ्याखाली उरलेल्या पायाच्या हाडावर. आणि खरं सांगायचं तर, नाही म्हणायला माझ्याकडे वैद्यकीय कारण नव्हतं. कृत्रिम पाय लावून लोक स्नोबोर्ड करतात. फक्त मी तसा पाय कधी बनवला नव्हता. मी बर्फसुद्धा फ्रीजरमधलंच पाहिलेलं.

"मला विचार करायला वेळ द्या," मी म्हणाले. दाऊदभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या दुकानाला काडी लावली.

आमचे हेड डॉक्टर हिशाम इजिप्तचे. ते इंग्रजीतच बोलतात आणि थोडक्यात बोलतात.

"पाय कशासाठी दिला?"

"चालायला."

"डोंगरासाठी दिला का?"

"नाही. पण ती जाणार आहे, डॉक्टर. आपण मदत केली नाही तरी जाणार आहे."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मग इथेच करून बघा. मॉलमधल्या स्नो पार्कमध्ये. तू सोबत असलीस तरच. काही झालं तर मला तुझ्या तोंडून कळलं पाहिजे, दुसऱ्या कुणाकडून नाही."

ही परवानगी होती की धमकी, ते मला आजही सांगता येणार नाही.

आधी सना, मी आणि सोबत आलेले दाऊदभाई असे तिघं बोर्ड बघायला गेलो. शुवैखला स्पोर्ट्सच्या सामानाचं एक मोठं दुकान आहे. तिथला सेल्समन जून हा फिलिपिनो. आधी एका परदेशी स्की रिसॉर्टवर काम करून आलेला. सनाने आत शिरताच एक लांब काळा बोर्ड उचलला. त्यावर पंख पसरलेला ससाणा होता.

"हा वेगासाठी आहे," जून म्हणाला. "कडक आहे. तुझं ऐकणार नाही, तुला त्याचं ऐकावं लागेल."

पहिला बोर्ड निवडताना काय पाहायचं, ते त्याने आम्हा तिघांना समजावलं. उभा धरला की साधारण हनुवटीपर्यंत यावा, नवशिक्याला त्याहून थोडा आखूड चालतो. हाताने दाबल्यावर वाकला पाहिजे, म्हणजे चूक झाली तरी लगेच आपटत नाही. रुंदी अशी हवी, की बुटाची बोटं फार बाहेर येऊ नयेत, नाहीतर वळताना ती बर्फात अडकतात. आणि दोन्ही टोकं सारखी असलेला बरा, कारण सुरुवातीला माणूस झाडाच्या पानासारखा कधी डावीकडे, कधी उजवीकडे घसरत खाली येतो.

"आणि पडतो कधी?" दाऊदभाईंनी हिंदीत विचारलं.

"पूरा दिन," जून म्हणाला.

मग प्रश्न आला, कोणता पाय पुढे. जूनने सनाला न सांगता मागून हलकेच ढकललं. तिने तोल सावरायला डावा पाय पुढे टाकला, म्हणजे कृत्रिम. "रेग्युलर," तो म्हणाला. डावा पुढे ठेवणारे रेग्युलर, उजवा पुढे ठेवणारे गूफी.

"कृत्रिम पाय पुढे नको," मी म्हणाले. "डोंगरावर नेणाऱ्या खुर्चीच्या लिफ्टवर बसल्यावर बोर्ड पुढच्याच पायाला लटकतो ना? ते सगळं वजन पाय ओढून काढेल."

"पण शरीर जे आपोआप करतं तेच सोपं जातं, सिस्टर."

"मॉलमध्ये लिफ्ट कुठे आहे?" सना म्हणाली. "एकदा असंच करून बघू ना."

आम्ही बोर्ड विकत न घेता ट्रायलसाठी भाड्याने घेतला. मऊ, आखूड, राखाडी. ससाण्याकडे वळून बघत सना बाहेर पडली.

आठवडाभर मी वर्कशॉपमध्ये त्या बुटाशी झटत होते. स्नोबोर्डचा बूट पोटरीला पुढे झुकवतो, म्हणून गुडघा वाकलेला राहतो. सगळा तोल त्या वाकलेल्या गुडघ्यावर असतो. कृत्रिम घोटा मात्र झुकत नाही. बूट घातला की गुडघा ताठ आणि माणूस मागे. शेवटी मी टाचेखाली कडक फोमची पाचर बसवली. सना उभी राहिली आणि गुडघा आपसूक वाकला. त्या दिवशी मला नीट जेवण गेलं.

ऑक्टोबर होता, तरी मॉलच्या उघड्या पार्किंगमधून आत येईपर्यंत घामाच्या धारा लागल्या. स्नो पार्कचं दार उघडलं आणि दातांवर दात आपटायला लागले. दाऊदभाई आत आले नाहीत. काचेपलीकडच्या कॅफेत बसले. समोर चहा ठेवला होता, पण पीत नव्हते.

बर्फात पहिला धडा असा असतो: फक्त पुढचा पाय बांधायचा, मागचा मोकळा ठेवायचा आणि लहानशा उतारावरून सरळ जायचं. बोर्ड निसटून जाऊ नये म्हणून पुढच्या पायाला एक दोरीही बांधतात. पार्कचा ट्रेनर शेजारी होता. मी जॅकेटमध्ये हात खुपसून उभी होते आणि मनातल्या मनात सगळे जोड तपासत होते. लायनर, म्हणजे उरलेल्या पायावर चढवायचा सिलिकॉनचा मोजा, ठीक. सॉकेट, म्हणजे तो पाय ज्यात बसतो ती वाटी, ठीक. वरून हवाबंद रबरी स्लीव्ह, ठीक.

पहिल्यांदा ती चार हात गेली आणि बसली. दुसऱ्यांदा थोडी आणखी. मध्ये बराच वेळ वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या रांगेत उभं राहावं लागलं. तिसऱ्यांदा ती वरून निघाली, मध्यावर तोल गेला, ती उजव्या कुशीवर पडली. आणि बोर्ड थांबला नाही.

बोर्ड, त्यावर बूट, बुटात पाय. एवढंच खाली गेलं. सना वरच राहिली.

खाली काही मुलं बर्फाचा बाहुला करत होती. त्यांच्यामध्ये जाऊन तो थांबला. एक आया किंचाळली. एक लहान मुलगी रडायला लागली. ट्रेनरचा चेहरा बर्फापेक्षा पांढरा झाला. मी धावायला गेले आणि दोन पावलांत आपटले.

सना बर्फात बसली होती. पॅन्टचा पाय रिकामा लोंबत होता. पार्कमधले सगळे तिच्याकडे बघत होते. मला वाटलं, संपलं. अपघातानंतर या मुलीने घरात पाहुण्यांसमोरही कधी पाय काढला नव्हता. आईच्या बहिणी आल्या तर ती खोलीतून बाहेर येत नसे. हे तिच्या आईनेच मला सांगितलं होतं.

सनाने तोंडावरचं बर्फ पुसलं आणि खाली ओरडली, "हबीबी! कॅन यू पास मी माय लेग, प्लीज?"

बाहुला करणाऱ्यांपैकी एक मुलगा हसला. मग ती हसली. इतकी हसली की तिला बोलता येईना. मी चार पायांवर रांगत तिच्यापर्यंत पोचले, तर तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"दुखतंय का?"

"नो. आय डोन्ट नो. नाही दुखत, मॅम."

तेवढ्यात दाऊदभाई आत आले. अंगात पातळ शर्ट, पायात चपला. त्यांनी खाली जाऊन बोर्ड उचलला, पायासकट. कुणाकडे न बघता ते घसरत, धडपडत वर आले. आता ते काय बोलणार, याचा मी अंदाज बांधत होते. एवढ्या लोकांसमोर मला शिव्या दिल्या असत्या, तरी मी ऐकून घेतल्या असत्या.

त्यांनी पाय लेकीच्या मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"सुटला कसा?"

मी तिथेच बसून पाय पुन्हा चढवला आणि कडेने बोटं घालून पाहिली. सॉकेटमध्ये माझी दोन बोटं शिरत होती. सकाळी एक शिरत नव्हतं. बाहेरच्या उन्हात पाय थोडा सुजतो. इथे थंडीत आकसतो. वाटी सैल पडली, हवा शिरली, पकड गेली. मी त्यांना तसंच सांगितलं.

"मग आता नाही सुटणार असा करा."

"दाऊदभाई, तुम्हीच म्हणाला होतात—"

"म्हटलं होतं." थंडीने त्यांचे ओठ थरथरत होते. ते सनाकडे बघत होते, ती अजून हसत होती. "माझी पोरगी एवढ्या लोकांत अशी बसलीय, मॅडम. तुम्हाला समजतंय ना मी काय सांगतोय? आता नाही म्हणू नका."

डॉक्टर हिशामना मी तिथूनच फोन केला.

"पाय तुटला?"

"नाही."

"पेशंट?"

"नाही."

"मग तुझा आवाज असा का येतोय?"

मी काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "पिन लॉक बसव. उद्या पार्ट्स मागव."

पिन लॉक म्हणजे लायनरच्या टोकाला एक दातेरी खिळा असतो, तो सॉकेटच्या तळाशी कट् कट् करत अडकतो. बटण दाबल्याशिवाय सुटत नाही. त्यावरून स्लीव्हही ठेवली. आकसलेली जागा भरायला घालायचे जादा मोजे दिले. आणि बाजू बदलली. आता चांगला उजवा पाय पुढे, कृत्रिम मागे. सना गूफी झाली. तिला ते आधी अजिबात जमेना. दोन आठवडे ती माझ्यावर चिडलेली होती. पण कृत्रिम पाय निसटला तरी बोर्ड चांगल्या पायासोबत राहणार होता आणि लिफ्टवरही त्याच पायाला लटकणार होता. यावेळी मी तिला आधी स्नो पार्कमध्ये नुसतं बसवून ठेवलं, पाय पुरता गार होऊ दिला आणि मगच फिटिंग तपासलं. शेवटी तिने शुवैखला जाऊन तोच मऊ राखाडी बोर्ड घेतला.

ती जॉर्जियाला गेली त्या दिवसापासून माझा फोन माझ्या हातातच होता. प्लास्टर रूममध्येसुद्धा. एका दुपारी मी एका पेशंटच्या पायाचा साचा घेत होते आणि फोन वाजला.

"मॅम, प्रॉब्लेम आहे. पाय निघत नाहीये."

"म्हणजे?"

"बटण दाबतेय, पण पिन सुटतच नाही. आत बर्फ गेलंय बहुतेक. आणि पाय खूप दुखतोय."

घट्ट राहावा म्हणून मी जिवाचं रान केलं होतं. आता तो निघत नव्हता. गार, दमलेला, कदाचित सुजायला लागलेला पाय त्या वाटीत अडकला होता आणि मी इथे प्लास्टरने माखलेल्या हातांनी उभी होते.

"घाबरू नकोस," मी म्हणाले. माझा स्वतःचा आवाज मला परका वाटला. "हेअर ड्रायर लावू नको, चटका बसेल, कळणारही नाही. टॉवेल कोमट पाण्यात भिजवून सॉकेटच्या खालच्या भागाला गुंडाळ. थांब थोडं."

तिची मैत्रीण टॉवेल आणायला धावल्याचं ऐकू आलं. माझा पेशंट, एक म्हातारे कुवेती गृहस्थ, ओलं प्लास्टर पायावर घेऊन माझ्याकडे बघत होते. मी दोनदा विचारलं, "पाणी आलं का?" दोन्ही वेळा "नॉट येट."

"आता उभी राहा," मी म्हणाले. "भिंतीला धर. ओढू नकोस. उलट त्या पायावर सगळा भार टाक, खाली दाब. पिनवरचा ताण कमी होईल. दाबत राहूनच बटण दाब."

"दाबलं."

"सुटलं?"

"नाही."

"भार वाढव. पुन्हा."

फोनमधून कट् असा आवाज आला. मग सनाचा मोठा श्वास. मग बऱ्याच मुलींचा ओरडा.

मी खुर्चीवर बसले. म्हाताऱ्या गृहस्थांनी अरबीत विचारलं, "खलास?" म्हणजे, झालं का? मी म्हटलं, "खलास." त्यांचा साचा मात्र वाळून वाकडा झाला होता. तो मी पुन्हा घेतला.

सना परत आली ती उरलेल्या पायावर फोड घेऊन. मी तिचा कृत्रिम पाय काढून ठेवला आणि फोड भरेपर्यंत कुबड्या दिल्या. तिने तक्रार केली नाही. बोर्डच्या टाचेकडच्या कडेवर वळायला जमलं होतं, बोटांकडच्या कडेवर अजून पडत होती. तिने मला व्हिडिओ दाखवला, त्यात जवळपास पूर्ण वेळ ती पडलेलीच होती. दाऊदभाई शेजारी उभे होते. त्यांनी तो आधी पाहिलेला असणार, तरी त्यांनी पुन्हा मान पुढे काढून बघितला.

"पुढच्या वर्षी लॉकला काय करणार?" त्यांनी मला विचारलं.

झाकण बनवतेय, मी म्हणाले. रबराचं.

क्लिनिकच्या एसीत सगळेच पाय नीट बसतात. त्यावर विश्वास ठेवू नये. पाय तपासायचा तो पेशंटला जिथे जायचं आहे तिथल्या हवेत, आणि बसतोय का हे पाहून झालं, की निघतोय का हेही पाहायचं.